अंड्यावरची भुलवाट

आमच्या बुकोव्हिनात अंडी रंगवत नाहीत, लिहितात. ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत घरोघरी मेण वितळतं. बारीक तारेची लेखणी मेणात बुडवायची, पोकळ केलेल्या अंड्यावर रेघ ओढायची आणि मग अंडं रंगात सोडायचं. मेणाखालची रेघ पांढरी राहते. एवढंच तर काम, असं मला वाटायचं.

इटलीहून परत येऊन मला सहा आठवडे झाले होते. सहा वर्षं तिथे परक्या म्हाताऱ्यांचं दुखणंखुपणं काढलं. एका हाताने त्यांना भरवायचं, दुसऱ्या हातात फोन. घरी आले तेव्हा माझी लेक आनुत्सा सावेताआत्याच्या मागे दडली. "या काकू कोण?" फोनमधली आई ती ओळखायची, दारातली नाही. पण आठ वर्षांच्या पोरीला दोष काय द्यायचा? तिला वाढवलं आत्याने. परवाच कुठे तिच्या तोंडून "आई" निघालं होतं, आणि मी गोठ्यात जाऊन पोटभर रडून घेतलं होतं.

मन मात्र कशातच लागत नव्हतं. रेघ ओढता ओढता नसलेला फोन वाजायचा आणि हात हलायचा.

"दोम्निका, कोंबडीसुद्धा तुझ्यापेक्षा बरं लिहील," आत्या म्हणायची. "निदान अंडं तरी तिचं स्वतःचं असतं."

एक नक्षी ती मला काही केल्या देत नव्हती. भुलवाट. एकच रेघ, वळत वळत अख्ख्या अंड्यावर फिरणारी. तिचे नियम दोनच. शेवटी तिळाएवढी फट सोडायची, रेघ रेघेला मिळू द्यायची नाही. आणि शेजारी कुणीतरी बसून अधूनमधून हाक मारायची. हाक आली की लेखणी खाली ठेवून "आले" म्हणायचं.

"आणि नाही म्हटलं तर?"

"तर बसशील तिथेच." या वेळी ती हसली नाही.

त्या शुक्रवारी सकाळी आत्या उपासनेला चर्चमध्ये गेली. आनुत्सा अंगणात खेळत होती. जमतंय का बघू, म्हणून मी भुलवाट सुरू केली.

काय सांगू तुम्हाला! पहिल्या वळणाला हात स्थिर झाला. दुसऱ्याला मेणाचा वास येईनासा झाला, मग चुलीचा आवाज गेला, मग पाठीतली कळ. फोन वाजेना. कित्येक वर्षांनी मी एकाच ठिकाणी होते, अख्खीच्या अख्खी. रेघ पुढे, मी तिच्या मागे. इतकं सुख झालं की डोळे भरून आले.

"आई..."

ऐकलं मी. खोटं कशाला बोलू? मनात म्हटलं, हे एवढं वळण.

"आई... ये ना..."

एवढं एकच.

तिसरी हाक फार लांबून आली, विहिरीच्या काठावरून यावी तशी. तेवढ्यात रेघ रेघेला जाऊन मिळाली.

मान वर केली तर मेण थिजलेलं. आत्या दारात उभी होती. पायरीवर आनुत्सा, गुडघ्यावरचं रक्त वाळलेलं.

"पोर पडली. हाका मारत होती म्हणे," आत्या म्हणाली.

"मी... मी ओ दिली नाही, आत्या."

"आईने दिली," आनुत्सा म्हणाली. ती माझ्याकडे बघत नव्हती. "तीनदा म्हणाली, आले. पण आलीच नाही."

आत्याने माझ्या हातातलं अंडं घेतलं, फट शोधली. खिडकीशी नेऊन पुन्हा शोधली. मग छातीवर क्रूसाची खूण केली आणि ते आपटायला हात उगारला. आनुत्साने किंचाळत ते हिसकावलं आणि छातीशी धरलं.

ईस्टर होऊन गेला. अंडं आता तिच्या उशाशी असतं, लोकरीत गुंडाळलेलं. काल दुपारी तिला जेवायला बोलवायला गेले. दारातूनच हाक मारली. तिने ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला ना, काकू. आई कामात आहे."

जवळ जाऊन मी वाकले, कान लावला. पोकळ अंड्यात लेखणी कुरकुरत होती... न थांबता, जराही न अडखळता. भीती वाटायला हवी होती. मला हेवा वाटला.