पहिला फेरा विकणाऱ्याचा

"सारे बाजूला व्हा! कॅप्टन प्रितम येऊन राहिले!"

असं ओरडत प्रितमनं निळ्या डोंग्यात, म्हणजे लहान होडीत, उडी मारली. डोंगा पाण्यात नव्हता, कारध्याच्या धर्मेंद्रमामाच्या अंगणात विटांवर ठेवलेला होता. त्यामुळे कॅप्टनसाहेबांचा फक्त गुडघा खरचटला.

"अबे, हळू! रंग निघून जाईन ना!" नीतू धावली. "उद्या हा आमचा होणार आहे!"

रक्षा आणि तिचा धाकटा भाऊ प्रितम दिवाळीच्या सुट्टीत मोहाडीहून मामाकडे आले होते. मामा जुन्या वस्तू घ्यायचा आणि नीट करून विकायचा. आलमाऱ्या, सायकली, कूलर, शिलाई मशिनी! डोंगा मात्र त्याच्याकडे पहिल्यांदाच आला होता, तोही थेट बपेऱ्याहून, एका आलमारीबरोबर.

नीतू शेजारची. तिचे बाबा, फकिराभाऊ, वैनगंगेत मासे धरायचे. त्यांचा डोंगा पावसाळ्यातल्या पुरात गेला, तेव्हापासून ते दुसऱ्यांच्या डोंग्यात जागा मागून जात होते. हा पत्र्याचा डोंगा त्यांनी पाण्यात टाकूनसुद्धा पाहिला नाही. "धर्मेंद्रभाऊच्या हातचा आहे, कायले पाहू?" एवढंच म्हणाले.

"आता बाबा मलेच घेऊन जातील जाळं उचलाले," नीतू म्हणाली. तिचे डोळे चमकत होते. "तुम्ही पण चला!"

"लाइफ जॅकेट घालून," रक्षा लगेच म्हणाली.

"झालं! आई मोहाडीलेच राहिली, पण तिचं तोंड हिच्यासोबत आलं!" प्रितमनं दोन काड्या उचलल्या आणि डोंग्याच्या बुडावर ढोल वाजवायला सुरुवात केली. "ढण ढण ढण! ढण ढण... थप!"

तो थांबला. पुन्हा वाजवलं. थप!

"हा ढोल इथं फुटका आहे!"

तिघंही गुडघ्यांवर बसली. सगळीकडे पत्रा खणखणीत वाजत होता. पण मधोमध, ताटाएवढ्या जागेत, आवाज ओल्या पुठ्ठ्यासारखा येत होता.

"पाण्यात टाकून पाहू?" नीतू हळूच म्हणाली.

"आपल्याला उचलणार आहे का? डोंगा पाण्यात नेता येत नाही," रक्षा म्हणाली, "पण पाणी डोंग्यात आणता येतं!"

बादल्या निघाल्या. बुडाशी चांगलं घोट्याएवढं पाणी साचलं, तशी तिघं पोटावर पालथी पडून डोंग्याखाली बघत राहिली. आधी काहीच नाही. मग निळा रंग फुगला. एक थेंब लोंबला, पडला. मग दुसरा. मग थेंबांची धारच लागली!

नीतूनं त्या धारेवर तळहात दाबून धरला. तेच रक्षाला जास्त लागलं.

तिनं तडक मामाला गाठलं. मामाचं डोकं एका कूलरमध्ये होतं.

"मामा, डोंगा खालून गळून राहिला!"

"जुना माल आहे बेटा. थोडा गंज होता. भोकांत लांबी भरली, वरून रंगाचे दोन हात मारले. आलमारीले नाही का करत आपण? चालून जाते."

"पण आलमारीत बसून कोणी नदीत जात नाही ना, मामा!"

"फकिराभाऊले पोहता येते. जा, खेळा," कूलरमधून आवाज आला. तेवढ्यात त्याचा मोबाइल वाजला आणि विषय संपला.

परसात येऊन रक्षा नीतूजवळ बसली.

"बाबाले सांगून टाक ना!" प्रितम म्हणाला.

"सांगितलं तं बाबा भांडणार नाहीत. चुपचाप राहतील," नीतूनं मान खाली घातली. "आणि मंग मामाच्या अंगणात कधी पाय नाही ठेवणार."

रक्षाला मामा फार आवडायचा. आपला मामा असा कसा, याचं उत्तर तिला सापडत नव्हतं. "त्याला डोंगा दिसतच नाही गं. आलमारीच दिसते आहे," ती शेवटी म्हणाली. "त्यानं स्वतःहून बोललं पाहिजे."

"आणि नाही बोलला तर?" प्रितमनं विचारलं.

"तर मी बोलेन! सगळ्यांसमोर. डोंगा काठ सोडायच्या आत."

नीतूची आजी यशोदाबाई ओट्यावर जाळं विणत होती. तिला रक्षानं विचारलं, "आजी, डोंगा घेतला की आधी काय करतात?"

"आधी नारळ. मंग पहिला फेरा विकणाऱ्याचा."

"म्हणजे?"

"जो डोंगा विकते ना, त्यानं आपलंच लेकरू त्यात बसवाचं, त्या काठाले जाऊन परत याचं. मंगच घेणाऱ्यानं वल्हं हातात घ्याचं. आता कोण पाळते, बाई!"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"आपण पाळू या ना, आजी!"

"काय शिजवून राहिले तुम्ही पोट्टे?"

"उद्या सांगतो!" आणि तिघं पसार!

दुसऱ्या दिवशी सकाळी डोंगा घाटावर आला. अर्धा पाण्यात, अर्धा रेतीवर. प्रितमनं त्याची दोरी बाभळीला दोन गाठी मारून बांधली. रक्षानं गाठी ओढून पाहिल्या आणि तिसरीही मारली.

फकिराभाऊंनी नवा सदरा घातला होता. मामाचं बोट धरून त्याची छोटी मुलगी रिता आली होती. नारळ फुटला, खोबरं वाटून झालं, आणि यशोदाबाई म्हणाली, "धर्मेंद्र, आता पहिला फेरा तुवा. आपलं लेकरू बसव."

"असं पण असते का?" मामा हसला.

"आम्ही बसतो!" रक्षा आणि प्रितम पुढे झाले. "आम्ही तुमचीच लेकरं ना, मामा?"

मामाचं हसू अर्धवट राहिलं. "तुम्ही कायले... कपडे ओले होतील."

"डोंगा आतून कोरडा असते, मामा!" प्रितमनं भोळा चेहरा केला. "कपडे काहून ओले होतील?"

मामा काही बोलणार, इतक्यात त्याचं बोट धरलेला चिमुकला हात सुटला.

"मी पण! मीच बाबाचं लेकरू!" म्हणत रिता टुणकन डोंग्यात चढली आणि पार पाण्याच्या बाजूला जाऊन बसली. डोंगा डुलला.

हे तर ठरलंच नव्हतं! रक्षानं डोंग्याची कड घट्ट धरली.

"रिता!"

बूट, पँट, मोबाइल, कशाचीही पर्वा न करता मामा पाण्यात शिरला. त्यानं रिताला उचललं आणि छातीशी धरलं. रिता त्याचे केस ओढत विचारत होती, "बाबा, काय झालं? मी तं बरोबर बसली होती!"

"फकिराभाऊ," मामा शेवटी बोलला, "हा डोंगा घेऊ नका. बुड गंजलं आहे. मी लांबी भरून रंग मारला."

फकिराभाऊंनी वाकून डोंग्याच्या निळ्या रंगावरून हात फिरवला.

"मी तं पाण्यात टाकून बी नाही पाहिला, भाऊ," फकिराभाऊ हळूच म्हणाले. "तुमचा हात म्हणून."

"तेच तं. पोट्टीनं सांगितलं होतं मले, मी ऐकलं नाही. आता रिता बसली, तवा मले खाली पाणी दिसलं."

फकिराभाऊंनी नीतूकडे पाहिलं. त्यांचा हात तिच्या डोक्यावर गेला. "मी बी हिलेच बसवणार होतो."

"सौदा मोडा. नाही तं मी बुड बदलून देतो. तुम्ही म्हणाल तसं."

फकिराभाऊंनी बराच विचार केला. "डोंगा तं मले पाहिजेच. बदला बुड. पण काम होईल तवा मी जवळ बसीन."

"बसाच!" मामा म्हणाला.

भंडाऱ्याच्या वेल्डरनं सडलेला पत्रा कापला, तेव्हा तो हातात पापडासारखा मोडला. त्या जागी जाड पत्रा बसला. मग मामानं स्वतः बादल्या आणून डोंग्यात पाणी ओतलं आणि मोठी-लहान सगळी माणसं पालथी पडून खाली पाहू लागली. एक थेंब नाही!

मग पहिला फेराही झाला. मामाला वल्हवता येत नव्हतं. डोंगा जागच्या जागीच गरगरायला लागला, तेव्हा फकिराभाऊच त्याच्याजवळ जाऊन बसले. मधे लाइफ जॅकेट घातलेली रिता ओरडत होती, "बाबा, सरळ चालव ना!"

काठावर यशोदाबाईनं रक्षाचा कान धरला. "मले बनवलं ना तुम्ही?"

"खोटं काहीच नाही बोललो, आजी!"

"तेच तं." कान सुटला आणि आजीचा खरखरीत हात रक्षाच्या गालावर फिरला. "मामाची लाज नाही काढली तुम्ही. त्याले खरं बोलाले जागा देली. गुणाचे आहात गा!"

डोंगा परत आला. मामा उतरला, वल्हं त्यानं दोन्ही हातांनी फकिराभाऊंना दिलं.

"चाल, नीतू," फकिराभाऊ म्हणाले.

नीतूनं चपला काढल्या. अनवाणी पाय कोरड्या पत्र्यावर ठेवले, रक्षाकडे बघून खुदकन हसली आणि पुढे जाऊन बसली. डोंगा संथपणे मधल्या धारेकडे निघाला. मुलं घरी जेवायला पळाली. पण मामा काही हलला नाही. जाळं उचलून बापलेक परत येईपर्यंत, बूट हातात घेऊन, तो काठावरच उभा राहिला.