कळीच्या दगडाखाली

ही १९८३ सालच्या नोव्हेंबर-डिसेंबरमधली गोष्ट. मिशिगनमधल्या नोव्हाय गावात तेव्हा आजच्यासारखी देशी दुकानं नव्हती. तूरडाळ आणायची तर रविवारी गाडी काढून पाऊण तास जावं लागे, आणि जिच्या कुंडीत कढीपत्ता जगला ती बाई आपोआप सगळ्यांची मावशी व्हायची. मोटारींच्या कारखान्यांत नोकरीला असलेली आठ-दहा मराठी कुटुंबं होती. त्यांतलंच एक रामटेक्यांचं. राजीव, अंजना आणि नऊ वर्षांची मीरा.

अंजना नागपूरची सिव्हिल इंजिनिअर. इथे तिच्या डिग्रीला कुणी विचारत नव्हतं. दोन वर्षं एका डेंटिस्टकडे फोन उचलल्यावर तिला हॉलिस्टर म्युझियममध्ये टेक्निशियनचं काम मिळालं. हॉलिस्टर नावाच्या कारखानदाराने पन्नास-पंचावन्न वर्षांपूर्वी फ्रान्समधल्या एका खेड्यातलं बाराव्या शतकातलं पडकं चॅपल विकत घेतलं होतं. दगडन् दगड नंबर घालून, गवतात गुंडाळून, खोक्यांतून बोटीने आणलं आणि आपल्या तळ्याकाठच्या बंगल्यामागे पुन्हा उभं केलं. तो गेल्यावर बंगल्याचं म्युझियम झालं.

चॅपल लहानसंच होतं. आत शिरलं की चुन्याचा आणि थंड लोखंडाचा वास यायचा. डाव्या खांबाच्या माथ्यावर गाढवावर बसलेली मेरी आणि तिच्या कुशीत बाळ. गाढव मात्र हसणारं, दात दाखवणारं. उजव्या खांबावर माशाच्या तोंडातून अर्धा बाहेर आलेला बायबलमधला जोना. भिंतीवर संतांची फिकट लाल-निळी चित्रं, त्यातल्या बऱ्याच जणांचे चेहरे पुसून गेलेले, उरलेले ते फक्त हात. आणि वर, छताच्या दगडी फासळ्या जिथे एकत्र येत, तिथे कळीचा दगड. मोठ्या परातीएवढा गोल, त्यावर झेंडा धरलेलं कोकरू.

अंजनाचं काम भेगा पाहण्याचं. प्रत्येक भेगेवर काचेची पातळ पट्टी आडवी चिकटवलेली होती. दगड केसभर हलला तरी काच तडकणार. अशा बावीस पट्ट्या. रोज सकाळी शिडी लावून त्या बघायच्या आणि वहीत लिहायचं, ‘शाबूत’.

चॅपलमध्ये शिरताना ती बूट काढायची. लहानपणी विहारात जाताना लागलेली सवय. म्युझियमच्या संचालक मिस कॅलहन, साठीच्या, चष्मा साखळीला अडकवलेल्या बाई. त्यांना आधी हे विचित्र वाटलं, पण बर्फातल्या बुटांचं मीठ दगडाला खातं हे लक्षात आल्यावर त्या खूश झाल्या. दारावरचा म्हातारा गार्ड ओटिस मात्र रोज चिडवायचा. “मिसेस रामटेके, एक दिवस तुमचे पाय गळून पडतील, आणि ते मला हरवलेल्या वस्तूंच्या खोक्यात ठेवावे लागतील.”

त्या वर्षी मीराच्या शाळेच्या कॉयरने सोळा डिसेंबरला, शुक्रवारी सकाळी अकरा वाजता, त्या चॅपलमध्ये गायचं ठरलं होतं. ते अंजनानेच जमवून आणलं होतं. मीरा वर्गात फारसं बोलायची नाही. डब्यातली पोळी-भाजी मुलं हुंगून बघतात म्हणून ती टॉयलेटमध्ये बसून जेवते, हे अंजनाला तिच्या टीचरकडून कळलं होतं. चॅपलचं ठरल्यापासून मात्र मीरा घरभर गात फिरत होती. “आई, आय ॲम इन द मिडल. एक्झॅक्टली अंडर द लॅम्ब!” सोळा मुलं त्या कोकराखाली अर्धवर्तुळात उभी राहणार होती.

अठ्ठावीस नोव्हेंबरच्या सोमवारी अंजनाने उंबरठ्याशी बूट काढले, आत पाऊल टाकलं, आणि थांबली.

पहिली फरशी गरम होती.

चुलीजवळच्या ओट्यासारखी नव्हे. कुणीतरी बराच वेळ उभं राहून नुकतंच बाजूला झाल्यावर जमीन असते, तशी. ती वाकली, हात लावून पाहिला. ऊब फरशीभर नव्हती. तिला आकार होता. दोन अनवाणी पावलांचा, टाचा दाराकडे, बोटं आत. दहाही बोटं तिला हाताने मोजता आली.

तिने ऑफिसातून थर्मामीटर आणला. त्या फरशीवर ठेवला, शेजारच्या फरशीवर ठेवला. दोन्हीकडे आकडा तोच. अठ्ठावन्न फॅरनहाइट.

मंगळवारी पहिली फरशी गार होती. दुसरी गरम.

बुधवारी तिसरी.

अंजना घाबरणाऱ्यांतली नव्हती. तिने इमारतीचे जुने नकाशे काढले. फरशीखाली गरम पाण्याचा पाइप नव्हता, वायर नव्हती, काही नव्हतं. मग तिने ग्राफपेपरवर चॅपलचा नकाशा काढला आणि रोज एक फुली मारायला लागली. शनिवार-रविवारी ती कामावर नसे. सोमवारी गेली तर त्या दोन दिवसांत पावलं पुढे गेलेली नव्हती. शुक्रवारनंतरची एकच फरशी पुढे होती. जे काही होतं ते तिची वाट बघत थांबलं होतं.

राजीवला तिने जेवताना सांगितलं.

“काय यार अंजू,” तो म्हणाला, “सकाळपासून शिडीवर चढ-उतर करतेस. तुझ्याच पायांना ताप आला असेल.”

“दहा बोटं मोजली मी.”

“मग हात बर्फाने बधिर झाले असतील. वाढ थोडा भात.”

दुसऱ्या आठवड्यात तिने मिस कॅलहनना सहज विचारल्यासारखं विचारलं, “या फरशीवरून आठशे वर्षांत किती माणसं चालली असतील, नाही?”

“ही फरशी?” बाई हसल्या. “ही फ्रान्सची नव्हेच. तिकडची फरशी शेतकऱ्यांनी कधीच गोठ्यांना नेली होती. ही इंडियानाच्या खाणीतली. जुनं आहे ते भिंती आणि छत. खाली नाही, वर.”

त्या ‘वर’ म्हणाल्या तेव्हा अंजनाने मान वर केली. कोकरू खाली बघत होतं. ते नेहमीच खाली बघायचं.

त्या दुपारी तिने ग्राफपेपरवरच्या फुल्या पुढे वाढवून पाहिल्या. रोज एक फरशी. उंबरठ्यापासून पंधरावी फरशी कोकराच्या बरोबर खाली येत होती. सुट्ट्या सोडून तिच्या कामाचा पंधरावा दिवस सोळा डिसेंबर.

तिने नागपूरला वडिलांना पत्र लिहिलं. का, ते तिला नीट सांगता आलं नसतं. ज्ञानदेव मेश्राम गवंडी होते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या भिंती उभारल्या आणि लेकीला इंजिनिअर केलं. एका गोदामाच्या कामावर पायावर दगड पडून त्यांचा उजव्या पायाचा अंगठा गेला होता, तरी बूट म्हणून त्यांनी कधी घातला नाही. पत्रात तिने फरशीचं सगळं लिहिलं, मीराच्या गाण्याचं लिहिलं, आणि शेवटी ‘जय भीम’ लिहून निळं पाकीट पेटीत टाकलं. उत्तर यायला महिना लागणार हे तिला माहीत होतं.

पट्ट्या रोज शाबूत होत्या. बावीसच्या बावीस. तिने दुर्बिणीतून फासळ्या पाहिल्या, लाकडी हातोडीने भिंती ठोकून आवाज ऐकला. काही नाही. ‘माझ्या लेकीला तिथे उभं करू नका’ असं म्हणायला हातात एक पुरावा असावा, एवढंच तिला हवं होतं. तो मिळत नव्हता.

सोळा तारखेला ती सकाळी नऊला पोचली. बाहेर बर्फावर कोवळं ऊन पडलं होतं. ओटिस लॉबीत घडीच्या खुर्च्या मांडत होता. “आज मोठा दिवस!” तो ओरडला. “पाय सांभाळा!”

ती बूट काढून आत गेली. एक-एक फरशी ओलांडत. सगळ्या बर्फासारख्या. पंधरावीवर आली.

गरम. आजवर नव्हती इतकी गरम.

ती गुडघ्यांवर बसली आणि दोन्ही तळवे टेकवले. मग तिचे हात थांबले. आज पावलं वळली होती. टाचा आतल्या वेदीकडे. बोटं दाराकडे.

तो जो कोण होता, तो आता आत येणाऱ्यांकडे तोंड करून उभा होता.

आणि तिला तिच्या वडिलांचे पाय आठवले. नागपुरातल्या कुणाच्या तरी नव्या घराचा स्लॅब. सेंटरिंग, म्हणजे खालून दिलेला लाकडी आधार, काढायचा दिवस. खालच्या बल्ल्या एक-एक करून निघत होत्या, मजूर बाजूला झाले होते, घरमालक बायकापोरं घेऊन ओसरीवर उभा होता. आणि बाबा अनवाणी पायांनी स्लॅबखाली मधोमध जाऊन उभे राहिले होते, दाराकडे तोंड करून. सहा वर्षांची अंजना त्यांच्याकडे धावत निघाली तर त्यांनी नुसता तळवा दाखवला. संध्याकाळी ती रुसली तेव्हा त्यांनी समजावलं होतं. “ज्यानं बांधलं त्यानं आधी उभं राहायचं. तो बाजूला झाला की बाकीच्यांनी यायचं. तो उभा आहे तोवर कुणी नाही.”

साडेनऊ वाजले होते. बस साडेदहाला येणार होती.

अंजना उठली. शिडी डाव्या खांबाला लावली, हसणाऱ्या गाढवाच्या वरच्या पट्टीपाशी चढली. सात नंबरची पट्टी. खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला आणि त्याच्या मुठीने काचेवर एक ठोका मारला.

टिक् असा बारीक आवाज झाला.

वहीत तिने पहिल्यांदा खोटं लिहिलं. ‘७, तडकली.’

मिस कॅलहन आल्या, चष्मा चढवून त्यांनी काच पाहिली, मग अंजनाकडे पाहिलं.

“ही आतून तडकलेली दिसत नाही,” त्या हळू म्हणाल्या.

“नियम तुमचाच आहे. एक जरी पट्टी गेली तरी चॅपल बंद.”

“मिसेस रामटेके, शाळेला तुम्हीच बोलावलंत. तुमची मुलगी आहे त्यात.”

“म्हणूनच.”

बाईंनी वही मिटली. दाराला लाल दोरी लागली. ओटिसने खुर्च्या लॉबीतच फिरवून मांडल्या.

बसमधून उतरलेल्या मीराला कळलं तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला. रांगेत जाता जाता आईजवळ थांबली. “यू रुइन्ड इट,” ती म्हणाली. “एव्हरीथिंग. ऑल्वेज.”

अकरा वाजता सोळा मुलं कोटांच्या रॅकसमोर उभी राहून गायला लागली. मीरा मध्ये होती. आईकडे बघत नव्हती. दुसऱ्या गाण्याचं दुसरं कडवं चालू होतं.

जमीन हादरली.

आवाज नंतर आला, किंवा तसं अंजनाला वाटलं. लाल दोरीमागून चुन्याचा पांढरा ढग लॉबीत आला. मुलं किंचाळली. ओटिसने दोन मुलांना बखोटीला धरून भिंतीकडे ओढलं. अंजना मीरापर्यंत कशी पोचली ते तिला कधी आठवलं नाही. एवढंच आठवतं की मीराचं डोकं तिच्या पोटाशी होतं आणि ती मोजत होती. चौदा, पंधरा, सोळा. सगळी होती. कुणाला खरचटलंसुद्धा नव्हतं.

अंजना तिथेच खाली बसली, मीराला घेऊन, आणि हसायलाच लागली. रडतही होती. मिस कॅलहन चुन्याने पांढऱ्या झालेल्या तिच्याजवळ येऊन खाली टेकल्या, आणि तिचा हात हातात धरून राहिल्या.

धुरळा बसल्यावर त्यांनी पाहिलं. कोकराचा दगड पंधराव्या फरशीवर पडला होता, चारशे किलोंचा. पुन्हा बांधताना कळीचा दगड नीट बसला नाही म्हणून तो वरून एका लोखंडी सळईला टांगला होता, आणि ती सळई आतल्या आत गंजून गेली होती. भेग पडण्याचा प्रश्नच नव्हता. उरलेल्या एकवीस पट्ट्या तेव्हाही शाबूत होत्या.

जानेवारीत नागपूरहून उत्तर आलं. बाबांनी शेजारच्या पोराकडून लिहून घेतलेलं. ख्यालीखुशाली, मिरचीचा भाव, आणि शेवटी एक ओळ. ‘तो बाजूला झाला का ते कळव. तोवर मीराला आत सोडू नको.’

पुढे मीराने गाणं सोडलं नाही. ती आता शिकागोला शाळेत संगीत शिकवते, आणि आईवर चिडली की अजूनही ‘यू रुइन्ड इट’ म्हणते, पण हसून. ओटिस त्याच वर्षी रिटायर झाला आणि मुलीकडे अलाबामाला गेला, दर नाताळात त्याचं कार्ड येई, त्यावर दोन पावलं काढलेली. मिस कॅलहनांनी ती सात नंबरची काच मरेपर्यंत टेबलाच्या खणात ठेवली. अंजनाला कामावरून काढणं दूरच, त्यांनीच खटपट करून तिला इंजिनिअरच्या लायसन्सच्या परीक्षेला बसवलं. राजीव त्या दिवसापासून तिच्या पायांबद्दल एक शब्द बोलला नाही. ज्ञानदेव मेश्राम पंच्याऐंशीच्या फेब्रुवारीत झोपेतच गेले. अंजनाला वेळेत पोचता आलं नाही, याची टोचणी तिला फार दिवस होती.

छत मात्र तिने बांधून घेतलं. सळईशिवाय, जुन्या पद्धतीने, दगडावर दगड बसवून. शहाऐंशीच्या मे महिन्यात सेंटरिंग काढलं. मुकादम सगळ्यांना बाहेर हाकत असताना अंजना बूट काढून आत गेली आणि कोकराखाली, दाराकडे तोंड करून उभी राहिली. शेवटची बल्ली निघाली. दगड किंचित कुरकुरले आणि बसले. वरून चिमूटभर चुना तिच्या केसांवर पडला.

तिच्या पायाखालची फरशी गार होती. तिने सुटकेचा श्वास सोडला आणि आता या म्हणून हाक मारण्यासाठी एक पाऊल बाजूला टाकलं.

शेजारची फरशी गरम होती. ती वाकली, तळवा टेकवला, आणि सवयीने बोटं मोजली.

नऊ भरली. उजव्या पायाला अंगठा नव्हता.