सात वाव पाण्यातली जागा

सकाळच्या दाट धुक्यात एका जहाजाची आणि मासेमारी बोटीची टक्कर झाली, आणि ती नेमकी कुठे झाली हे काही केल्या कळेना! सांगणारे कुणी नव्हते का? होते की, चांगले तीन होते. तिघांची तीन तोंडे, हीच तर पंचाईत होती.

चौकशीच्या खोलीत जमिनीवर निळ्या उजेडाचा नकाशा पसरला होता. अकरा वर्षांची नीरजा त्यात अनवाणी उभी होती. पावलांवरून उजेडाच्या लाटा संथ सरकत, आणि तिला आपण तरंगतोय असेच वाटे. तिचे बाबा, त्या मासेमारी बोटीचे तांडेल (बोटीचा प्रमुख) हरेश, मान खाली घालून बाकावर बसले होते. चूक त्यांची ठरली, तर त्यांना पुन्हा समुद्रावर जाता येणार नव्हते.

चौकस नावाचा यंत्रमानव मऊ आवाजात म्हणाला, "बिनखलाशी जहाज म्हणते, मी माझ्या वाटेतच होते. रडार (लहरी पाठवून, त्या परतायला लागणाऱ्या वेळेवरून अंतर काढणारे यंत्र) म्हणते, टक्कर किनाऱ्यावरच्या मनोऱ्यापासून नऊ किलोमीटरवर झाली. दिशा धुक्यामुळे पुसट आहे." त्याने नकाशावर रुपेरी कमान काढली. "तांडेल सांगतात ती उत्तरेची जागा या कमानीवर नाहीच. ते खोटे बोलले, म्हणून त्यांचा सगळा जबाब मी बाजूला ठेवला."

नीरजाचे कान लाल झाले. बाबांनी थाप मारली होती खरी. हमखास मासळीची जागा कुठलाच तांडेल कुणाला सांगत नाही, दक्षिणेची खुशाल उत्तरेला नेऊन ठेवतो. बाबांनी सवयीने चौकशीतही तेच केले होते!

"जबाबात आणखी काय होतं?" तिने विचारले.

"दोर सोडून पाणी मोजले, सात वाव भरले." (एक वाव म्हणजे पसरलेल्या दोन हातांएवढे, सुमारे सहा फूट.)

"ते खरं असणार. जागा लपवतात, खोली कशाला लपवतील? जहाजाच्या खोली मोजणाऱ्या यंत्राला विचार ना!"

चौकसचे दिवे लुकलुकले. "टकरीच्या वेळी तेरा मीटर. म्हणजे सातच वाव! पण जहाजाच्या वाटेत पाणी तीस मीटर आहे. जहाजाने मोजलेली खोली बरोबर, सांगितलेली जागा चूक."

"म्हणजे कोण खरा, असं विचारायचंच नाही," नीरजा सावकाश म्हणाली. "कोण कशाबाबतीत खरा, असं विचारायचं."

"याला माहितीचा मेळ (प्रत्येकाच्या सांगण्यातला भरवशाचा भाग निवडून एकत्र जोडणे) म्हणतात," चौकस म्हणाला. त्याने सात वाव खोलीची हिरवी रेघ ओढली. ती कमानीला दोन ठिकाणी छेदून गेली. एक जागा मासेमारीला बंदी असलेल्या पट्ट्यात होती, दुसरी दक्षिणेच्या मोकळ्या पाण्यात.

"बाबा, आता तुम्हीच सांगा."

मागे बंदरातले सगळे तांडेल बसले होते. बाबांनी त्यांच्याकडे पाहिले, मग लेकीकडे. ते उठले, उजेडात चालत गेले आणि दक्षिणेच्या मोकळ्या पाण्यावर पाय ठेवला.

"हितं. माझ्या आज्यानं दाखवलेली जागा हाय ही."

"त्या वेळी पाण्याची ओढही दक्षिणेकडेच होती. धुक्यात जहाज आपली वाट सोडून तिकडे वाहत गेले. सगळे जुळते," चौकस म्हणाला. "तांडेल, चूक तुमची नाही."

नीरजाला रडूच फुटले. बाबांच्या पिढीजात जागेचे गुपित सगळ्यांदेखत फुटले होते.

तेवढ्यात मागच्या बाकावरचे म्हातारे धर्मा तांडेल उठले. "जागा ठावकी नाय, तर जहाज वळंल कसं?" असे पुटपुटत ते निळ्या पाण्यात उतरले आणि आपल्या मासळीच्या गुप्त जागेवर जाऊन उभे राहिले. मग दुसरे उठले, मग तिसरे. चौकस एकेका पावलाभोवती जहाजांनी टाळण्यासाठी खुणेचे वर्तुळ काढत गेला.