रेवतीच्या गाडीतला वास

बुधवारी सकाळी अक्षताने शाळेच्या फाटकासमोर गाडीचं दार उघडलं आणि रस्त्यावरच ओकली. अकरा वर्षांची पोरगी. युनिफॉर्म भरला, दप्तरही भरलं.

रेवती तिला घेऊन अंधेरीला परतली. पोरीला आंघोळीला पाठवलं आणि तशीच दोन मजले खाली उतरून इरावतीचं दार वाजवलं. इरावती पंधरा वर्षं विमा कंपन्यांसाठी अपघातातल्या गाड्या तपासत होती. कुणी काय लपवलंय ते शोधणं हीच तिची नोकरी.

"चल गं खाली," रेवती म्हणाली. "त्या गॅरेजवाल्या हरेश्वरने गाडीची वाट लावलीय."

गाडीचं दार उघडताच सडक्या मासळीचा दर्प तोंडावर आला. इरावतीने ओढणी नाकाला लावली.

"कधीपासून?"

"शनिवारी सर्व्हिसिंग होऊन आली, सोमवारी वास सुटला. तो जोगेश्वरीचा गॅरेजवाला कोळी आहे ना, आई मासे विकते त्याची. सोसायटीत सगळे म्हणतायत, घरचे मासे वाहिले असणार माझ्या गाडीतून. केयूर तर काल फोनवर म्हणाला, 'ताई, कोळंबी नेली असेल त्याने. असल्या गॅरेजमध्ये जाऊ नकोस.' मी ग्रुपवर टाकलं सगळं. सात जणांनी गाड्या काढून घेतल्या त्याच्याकडून."

केयूर तिचा मावसभाऊ. बोरिवलीत जुन्या गाड्या विकायचा. पाच महिन्यांपूर्वी ही गाडी त्यानेच तिला दिली होती.

"शनिवारी गाडी आणली कुणी?"

"केयूरने. मला ऑफिस होतं. चारला किल्ली दिली त्याने."

इरावती आत बसली, किल्ली फिरवली. मीटरवरचे दिवे लागले आणि एकेक विझले. तिने पुन्हा फिरवली. पुन्हा नीट पाहिलं. मग समोरचा कप्पा दोन्ही बाजूंनी दाबून खाली ओढला. मागे एसीच्या फिल्टरचं झाकण होतं. तिने फिल्टर बाहेर काढला.

फिल्टरवर आठ-नऊ कोळंब्या. करड्या पडलेल्या, बुळबुळीत, वर अळ्या वळवळत होत्या. पाच दिवस ती हवा मायलेकींच्या नाकातोंडात जात होती.

इरावतीने फोटो काढले, कोळंब्या डब्यात घातल्या आणि झाकण घट्ट लावलं.

"काय सापडलं ते कुणालाही सांगू नकोस. केयूरलासुद्धा."

दुपारी ती जोगेश्वरीला गेली. गॅरेजमध्ये एकही गाडी नव्हती. हरेश्वर स्टुलावर बसला होता. त्याची आई सरूबाई त्याचा डबा घेऊन आली होती. डबा तसाच बंद.

"रेवतीताईंकडून आलात?" त्याने विचारलं. "तीन दिवस फोन करतोय. त्यांनी ब्लॉक केलंय मला."

"कशासाठी फोन करत होतास?"

"स्टेअरिंगचं सांगायचं होतं. शनिवारी केयूरसाहेबांना दाखवलं. ते म्हणाले, ताई घाबरेल, मीच सांगतो, तू बोलू नकोस. पण मला राहवलं नाही."

"एसीचा फिल्टर बदललास?"

"हात लावला नाही. ताईच म्हणाल्या, पुढच्या वेळी." त्याने कामाचा कागद पुढे केला. फिल्टरसमोर फुली होती. खाली लिहिलं होतं: गाडी दिली ११.१०.

इरावतीने कोळंब्यांचा डबा उघडला. हरेश्वर मागे सरला. सरूबाईने नाकाला पदरही न लावता आत पाहिलं.

"ही आमची नाय गो. आमची कोलंबी डोक्यासकट येते, लहान-मोठी मिसलून. ही सगली एका मापाची. डोकी काढलेली, पाठ चिरलेली, शेपटी तेवढी ठेवलेली. मॉलमधल्या बर्फाच्या पाकिटातली हाय ही." तिने डबा दूर ढकलला. "आणि नाव माझ्या पोराचं."

इरावतीने हरेश्वरला स्टेअरिंगबद्दल अजून दोन प्रश्न विचारले. मग तिने रेवतीला फोन केला.

पाच वाजता रेवती गाडी घेऊन गॅरेजमध्ये आली. तिने बोलावल्यावरून केयूरही आला, हसत.

"मी म्हटलंच होतं, ताई. मला देऊन टाक ही, दुसरी झकास गाडी देतो."

"गाडीत कुजलं काय, केयूर?" इरावतीने विचारलं.

"कोळंबी ना."

"आख्खी सोसायटी 'मासे' म्हणत होती. फिल्टर मी आज सकाळी उघडला, आणि रेवती कुणाला बोललेली नाही. कोळंबी तुला कालच कशी कळली?"

"अंदाजाने बोललो."

"बरं. शनिवारी अकरा दहाला इथून निघालास, अंधेरीला चारला पोचलास. अर्ध्या तासाचा रस्ता. मधे कुठे होतास?"



"पण याने कशाला हे करावं?" रेवतीने विचारलं.

"तू हरेश्वरचा एक शब्दही ऐकू नयेस म्हणून. कोळ्याचं गॅरेज, गाडीत मासळीचा वास. तू लगेच विश्वास ठेवशील, हे याला पक्कं माहीत होतं."

इरावतीने मानेने खूण केली. हरेश्वरने स्टेअरिंगच्या मधलं झाकण उचकटलं. आत पिवळा पडलेला फोम आणि डिंकाचे गोळे.

"इथे एअरबॅग असते," इरावती म्हणाली. "किल्ली फिरवली की तिचा दिवा लागून विझतो. सकाळी तो लागलाच नाही, काढून टाकलाय. गाडीला आधी मोठा अपघात झालेला, तेव्हा बॅगा फुटल्या. याने नव्या न घालता झाकणं चिकटवली आणि गाडी तुला विकली. हरेश्वरला ते शनिवारी दिसलं. बाजूच्या सीटसमोरही हेच असणार."

बाजूच्या सीटवर अक्षता बसायची.

"धंद्यात सगळेच करतात गं," केयूर म्हणाला. "आणि झालं का तिला काही?"

तो जवळ आला तशी रेवती दोन पावलं मागे गेली.

"हात लावू नकोस मला. भाऊबीजेला ओवाळलं मी तुला. अक्षता तुझ्या मांडीला मांडी लावून जेवली. एक घास तरी अडकला का रे घशात?"

"ताई, मावशीला सांगू नकोस ना."

"मी पोलिसांना सांगतेय."

तिने तिथेच उभं राहून पोलिसांना फोन लावला. केयूर दाराकडे वळला. सरूबाई उंबऱ्यावर फतकल मारून बसली होती. ती हलली नाही.

पोलीस त्याला घेऊन गेल्यावर रेवती हरेश्वरसमोर आली.

"माझं चुकलं. ग्रुपवर खरं काय ते आत्ता लिहिते."

"लिहा. त्या सात गाड्या परत येतील." तो फडक्याने हात पुसत राहिला. "पण आईच्या धंद्यावरून तुम्ही मला घाण ठरवलंत, ताई. एकदा विचारलंही नाहीत. पोलिसांचं झालं की एअरबॅगा बसवून देतो, पोरीच्या जिवाचा प्रश्न आहे. त्यानंतर गाडी दुसरीकडे न्या."

रेवतीने मान खाली घातली. किल्ली त्याच्या हातात दिली आणि ती रिक्षा बघायला रस्त्यावर आली.