ओल्या लॅकरवरचं बोट

मामाच्या दुकानात गिटार दुरुस्तीला आली की भाची आधी माणसाकडे बघायचीच नाही, फिंगरबोर्डकडे बघायची. माणसाचं काय, तो थापा मारतो. बोटं जिथे फिरतात ती लाकडी पट्टी मात्र खरं ते सांगून मोकळी होते. पण त्या दुपारी आलेल्या इलेक्ट्रिक गिटारने तिलाही बुचकळ्यात टाकलं. फिकट मेपलच्या पट्टीवरचा पारदर्शक लेप, म्हणजे लॅकर, सगळीकडे चकचकीत... आणि एकाच जागी पार उडून लाकूड काळं पडलेलं.

“तुम्ही एकच सूर वाजवता का हो?” तिने विचारलं आणि मग कुठे मान वर केली.

समोर पलीकडच्या गल्लीतला चष्मेवाला उभा होता. नाकावर चष्मा नाही, पण दिवसभर लोकांच्या चष्म्यांच्या काचा घासायचा, म्हणून ते नाव. खिशात भिंग, आणि कानाच्या पाळ्या एकदम लाल.

“तिथे अडतो मी,” तो म्हणाला. “एक धून बसवतोय. तिथवर छान येते... पुढे काय, तेच सुचत नाही. मग तिथेच घोटत बसतो.”

“म्हणजे लॅकर पुन्हा उडणार.”

“उडू दे की. पुन्हा आणीन.”

भाचीला हसू आलं, पण तिने ते गिळलं. अडलेल्या धुनेचं पुढे काय होतं, हा किडा मात्र त्या दिवशी तिच्या डोक्यात शिरला तो शिरलाच.

तिने पट्टी घासली, लॅकर मारलं, गिटार खुंटीला टांगली. दुसऱ्या दिवशी चष्मेवाला “सहज” डोकावला. भाची पाठमोरी होती तेवढ्यात...

“वाळलं वाटतं?” म्हणत त्याने बोट टेकवलंच! ओल्या लॅकरवर ठसा स्पष्ट उमटला.

मामा चवताळला. त्याच्या दुकानात नियम एकच होता: ओल्या लॅकरला जो बोट लावेल, त्यानेच ते घासून काढायचं. गिऱ्हाईक असो नाहीतर घरचं. झालं! काम सुटल्यावर चष्मेवाला रोज संध्याकाळी भाचीच्या शेजारच्या स्टुलावर, हातात बारीक पॉलिशपेपर.

“हळू... चष्म्याची काच नाही ती.”

“काच असती तर बरं झालं असतं. आरपार दिसलं असतं.”

“काय बघायचंय आरपार?”

“विचार करून सांगतो,” तो म्हणाला, आणि पेपर उलटा धरून घासू लागला.

तो प्रश्न फार विचारायचा. दमट हवेत लॅकर दुधाळ का होतं? पट्टीवरच्या धातूच्या फ्रेटवर चढलेलं लॅकर ब्लेडने खरवडताना तुमचं बोट कधी कापलं नाही? भाची वैतागल्याचं दाखवायची आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या वाटेकडे डोळे लावून बसायची.

शेवटी पट्टी गुळगुळीत झाली. भाचीने लॅकरचा शेवटचा हात मारला. मामाने भिंगाविनाच पारखून मान डोलावली आणि चष्मेवाल्याला बजावलं, “आठवडाभर वाळू दे. तोवर इकडे फिरकायचं नाही. मग ये आणि घेऊन जा.”

घेऊन जा! तो गेल्यावर भाची खुंटीसमोर कितीतरी वेळ उभी राहिली. इतकी निर्दोष पट्टी तिच्या हातून कधी झाली नव्हती आणि इतकी नकोशीही. ही गिटार गेली की त्याला इथे यायला कारणच उरणार नव्हतं. आणि मग, लहानपणापासून लॅकरपाशी वावरलेल्या त्या पोरीने बोट पुढे केलं... अगदी तिथेच, जिथे तो अडायचा.

आठवडाभर तिने गिटार मामाच्या नजरेआड ठेवली. तारासुद्धा स्वतःच चढवल्या.

तो आला. पट्टीवर वाकला. थांबला.

“हा डाग...”

“मागचाच राहिला असेल तुमचा,” भाची घाईघाईने म्हणाली.

त्याने खिशातून भिंग काढलं. “हे बोट माझं नाही. दिवसभर लोकांचे ठसेच पुसतो मी. हे बारीक आहे. शिवाय इथे आडवी चीर आहे, ब्लेड लागल्यासारखी. बोट दाखवा.”

“नाही दाखवत.”

“बरं.”

तो पुन्हा ठशावर वाकला. मग तिनेच हात पुढे केला. तर्जनीवरचा जुना व्रण लपण्यासारखा नव्हताच.

“का लावलंत?”

“वाळलं का... बघत होते.” तिचा आवाज रडवेला झाला. “खोटं बोलतेय. तुम्ही पुन्हा यावं म्हणून लावलं.”

चष्मेवाल्याने भिंग खिशात ठेवलं. कानाच्या पाळ्या पुन्हा लाल.

“मीही त्या दिवशी ‘वाळलं वाटतं’ हे खोटंच बोललो. खुंटीवरचं लॅकर ओलं आहे... हे मला लांबूनच दिसत होतं.”

आत ब्रश धूत असलेल्या मामाच्या कानांनी टिपायचं ते टिपलं होतं. “नियम म्हणजे नियम!” तो ओरडला. “ज्याने बोट लावलं त्याने घासून काढायचं!”

“घासते मामा,” म्हणत भाचीने पेपर उचलला.

चष्मेवाल्याने तिच्या हातातून तो काढून घेतला.

“हा ठसा नको घासूस,” तो म्हणाला. पहिल्यांदाच ‘तू’.

त्याने गिटार मांडीवर घेतली. धून सुरू झाली, नेहमीच्या जागी आली आणि त्याचं बोट तिच्या ठशावर टेकलं. सूर तिथेच लांबत राहिला.

“पुढे?” भाचीने श्वास रोखून विचारलं.

“माहीत नाही अजून,” तो हसला. “उद्या येऊन बसू का इथे?”

भाचीने शेजारचं स्टूल पायाने त्याच्याकडे सरकवलं.

“उद्या कशाला?” ती म्हणाली. “आत्ताच बस.”