आईची बाज

ही गोष्ट खरी आहे. पटली तर घ्या, नाही तर पुढच्या पांढऱ्या साडीवालीकडे जा. या पेजवर त्यांची कमतरता नाही.

मी तुमच्या गोष्टी वाचतो आणि हसतो. प्रत्येक गोष्टीत अमावस्या, प्रत्येक गोष्टीत पैंजण. माझ्या गोष्टीत यातलं काही नाही. रात्रसुद्धा नाही.

भर दुपार होती. मागच्या वर्षीचा मे महिना, तारीख नऊ, वेळ पावणेदोन. जागा वर्धा जिल्ह्यातली, सिंदी रेल्वे या गावापासून अडीच किलोमीटरवरचं एक शेतातलं घर. सिमेंटचं, स्लॅबचं, कूलर असलेलं घर.

मी एका सरकारी दवाखान्यात लॅब टेक्निशियन आहे. दवाखान्याचं नाव सांगणार नाही. एकवीस वर्षं लोकांची थुंकी तपासतोय. डबी उघडायची, काचेवर थर द्यायचा, ज्योतीवर धरायचा, रंग द्यायचा आणि मायक्रोस्कोपमध्ये डोळा घालायचा. निळ्यात लाल काड्या दिसल्या की टीबी. इतकं सोपं आहे. तरी लोक अंगारा लावतात, लिंबू उतरवतात, आणि रक्त पडायला लागलं की माझ्या दारात येतात. मला त्यांची कीव येत नाही. चीड येते.

तर, दौलतराव. माझ्या बायकोचा, रूपालीचा, मोठा भाऊ. वांगी, सांबार म्हणजे कोथिंबीर, मिरची लावतो आणि सिंदीच्या बाजारात विकतो. त्याची बायको चतुराबाई. एकच मुलगी, आचल, एकवीस वर्षांची. मी तिच्या आत्याचा नवरा, म्हणून मला मामाजी म्हणते.

आचलचं लग्न ठरलं होतं. पिपरी मेघेचं स्थळ. सत्तावीस मेला लग्न.

आणि पोरगी दोन महिन्यांपासून खोकत होती.

"गरमीचा खोकला हाय, भाऊजी," चतुराबाई म्हणाली. ती स्वतःही पदर तोंडावर धरून ठसकत होती. अंगणात मिरचीचा ढीग वाळत होता, त्या घरात सगळेच ठसकायचे.

मलाही फार काही वाटलं नव्हतं. पोरगी वाळली होती खरी. पण लग्नाआधी हल्ली सगळ्याच पोरी जेवण सोडतात, फोटोत बारीक दिसायला. रूपाली मागे लागली म्हणून मी पाच तारखेला डबी घेऊन गेलो, एवढंच.

थुंकी कशी घ्यायची याचा नियम आहे. उघड्यावर, आपल्या डोळ्यांसमोर, खोल खोकून काढायला लावायची. मी तो नियम नवीन पोरांना शिकवतो. त्या दिवशी ऊन पंचेचाळीस डिग्री होतं.

"पोरीले लाज वाटते," चतुराबाई म्हणाली. "आत देते थे. तुमी बसा सावलीत."

मी बसलो सावलीत.

पाच मिनिटांनी तिने डबी आणून दिली. घट्ट, पिवळट, भरपूर थुंकी. असा नमुना क्वचित मिळतो. मी खूश झालो.

बसल्या बसल्या दौलतरावने त्याच्या आज्याचं पुराण लावलं. ते मी लग्नापासून ऐकतोय. आजा कवडू, वैद्य. त्याच्याकडे म्हणे लांबून लांबून बैलगाड्या यायच्या, क्षयाचे रोगी घेऊन. तो नाडी बघायचा नाही, बोलायचा नाही. खापरावर पेटता निखारा ठेवायचा, रोग्याला त्यावर थुंकायला लावायचा आणि वास घ्यायचा.

वास!

क्षय निघाला तर रोगाचं नावसुद्धा घ्यायचा नाही. एक शेळी आणायचा आणि रोग्याच्या बाजेच्या पायाला बांधायचा. मग रोग्याने शेळीजवळच झोपायचं, शेळीचंच दूध प्यायचं. 'त्याले शेळी बांधली' म्हटलं की गावाला कळायचं.

"आजा गेला, तवापासून आमच्या घरी शेळी नाई," दौलतराव म्हणाला. "चालत नाई आमाले."

"बरंच झालं," मी म्हणालो. "किती माणसं मारली असतील तुमच्या आज्याने, हिशेब नाही."

तो गप्प बसला. माझ्यापुढे गप्पच बसतो तो. मी शिकलेला जावई.

दुसऱ्या दिवशी स्लाइड बघितली. एका स्लाइडचे शंभर भाग बघायचे असतात. मी दहा-बारा बघितले. त्या दिवशी अडतीस स्लाइडी होत्या, आणि मला उत्तर आधीच माहीत होतं.

निगेटिव्ह.

तो कागद द्यायला मी नऊ तारखेला गेलो. घरात सण झाला. चतुराबाईने देवापुढे साखर ठेवली, आंब्याचा रस केला. मीही तीन वाट्या रस प्यायलो, डॉक्टरसारखा ऐटीत.

जेवण झालं. दौलतराव बाहेर निंबाखाली आडवा झाला. चतुराबाई मागच्या अंगणात भांडी घासायला बसली. आचल आतल्या खोलीत. मी पडवीत चटई टाकून पडलो.

लाइन गेली. कूलर थांबला.

मिनिटभर काहीच नाही. ना पाखरू, ना वारा. मागून येणारा भांड्यांचा आवाजही बंद झाला होता.

मग...

शेळी ओरडली.

एकदाच. घराच्या आत.

मी डोळे उघडले नाहीत. शेजाऱ्याची असेल, म्हटलं. मग आठवलं, तिथे अर्ध्या किलोमीटरवर शेजारी नाही.

मग...

खुरांचा आवाज. फरशीवर. टक... टक... टक. कोणीतरी तिला ओढत नेत होतं आणि ती पाय रोवत होती. ओढणाऱ्याच्या पावलांचा आवाज मात्र नव्हता.

मग वास आला.

आधी कोळशाचा. त्या घरात गॅसवर स्वयंपाक होतो. आणि कोळशामागून दुसरा वास. तो मी एका श्वासात ओळखला. स्लाइड ज्योतीवर धरली की येतो ना, तोच. जळणाऱ्या थुंकीचा. एकवीस वर्षं तो माझ्या नाकात आहे. पण असा कधीच नाही. छातीत उतरत होता.

मला भीती वाटली? नाही. खरं सांगतो, मला संताप आला. मला वाटलं, माझा रिपोर्ट घेऊन साखर ठेवतात आणि माझ्या पाठीमागे आज्याचे खेळ करतात. अडाणी ते अडाणीच.

मी उठून आतल्या खोलीत गेलो.

खोलीत दोन बाजा. खिडकीजवळच्या बाजेवर कोणी नव्हतं. कूलरजवळच्या बाजेवर आचल बसली होती, पाय पोटाशी घेऊन. खाली फरशीवर खापर होतं, त्यात लाल निखारा.

आणि बाजेच्या पायाला दोरी बांधलेली होती.

दोरीच्या दुसऱ्या टोकाला...

काही नव्हतं.

पण दोरी ताणलेली होती. गुडघ्याच्या उंचीवर, हवेत. थोडी सैल पडायची, पुन्हा ताणली जायची. ताणली की बाज हलायची.

आचल घाबरलेली नव्हती. ती दोरीकडेच बघत होती.

"तीन दिवस झाले," ती हळू आवाजात म्हणाली. "दुपारी येते."

मग माझ्याकडे वळून म्हणाली, "पन मामाजी, हे आईची बाज होय. कूलरसाठी मी इथं येऊन पडली."

"चूप बस," मी म्हणालो.

हेच शब्द. चूप बस. पुढे लक्षात ठेवा.

मी चतुराबाईच्या नावाने ओरडलो. ती साबणाच्या हातांनी धावत आली. मागून दौलतराव. मी दारातच तिला धरलं.

"काय चालवलंय हे? माझ्यापासून लपवून काय काय केलं तुम्ही? सगळं कळलं मला!"

मी निखाऱ्याबद्दल बोलत होतो.

ती मटकन खाली बसली.

"भाऊजी, चूक झाली," ती रडत म्हणाली. "लगन मोडलं असतं पोरीचं. डबीतली थुंकी माही होती. मीच थुंकली. आचलची नोयती थे."

मला काही क्षण कळेचना ती काय सांगते आहे.

दौलतराव आत डोकावून बघत होता. "काय दिसलं तुमाले, भाऊजी? इथं त काईच नाई."

मी वळलो.

दोरी नव्हती. खापर नव्हतं. मी वाकून फरशीवर हात ठेवला. सगळी फरशी थंड होती, एका ताटलीएवढी जागा सोडून. तिथे हात ठेववला नाही.

मी लगेच आचलला अंगणात उभं केलं, उन्हात, माझ्या डोळ्यांसमोर, आणि नवीन डबी दिली. या वेळी स्लाइडचे सगळे भाग बघितले. गरज नव्हती. पहिल्याच भागात लालच लाल.

औषध सुरू झालं. लग्न मोडलं. मुलाचा बाप रूपराव, पिपरी मेघेत दोन मजली घर, गाडी, पोरगा इंजिनियर. त्याने फोनवर विचारलं, "अंगठी धुऊन परत करता की तशीच?" सहा महिन्यांत बरा होणारा आजार. शिकलेली माणसं ही! त्यांच्यापेक्षा शेळी बरी.

जून महिन्यात गावातल्या आशा सेविका शोभाबाई यादी घेऊन माझ्याकडे आल्या. टीबी निघाला की घरातल्या सगळ्यांची तपासणी करायची असते.

"दौलतरावांची करा," मी सांगितलं. "चतुराबाईंची झाली. मीच केली. निगेटिव्ह आहे."

त्यांनी नावापुढे खूण केली.

आता तुम्ही म्हणाल, अरे, निरोगी बाईच्या छातीतून तसली घट्ट पिवळी थुंकी निघते का? निघत नाही. नवीन पोरालासुद्धा हे सुचलं असतं. मला सुचलं नाही. मी दवाखान्यात बसून लोकांच्या अडाणीपणाला हसत होतो.

आचल सुधारत गेली. पाच किलो वजन वाढलं. चतुराबाई लेकीला अंडी उकडून द्यायची, गोळ्या मोजून द्यायची. स्वतः ठसकायची. मिरची होतीच.

ऑगस्टच्या अठरा तारखेला तिला रक्ताची उलटी झाली. वर्ध्याला नेली. चार दिवसांत गेली.

त्याच आठवड्यात जिल्ह्यावरून फेरतपासणीचा कागद आला. आमच्या काही स्लाइडी तिकडे पुन्हा बघतात. माझी एक चूक निघाली होती. मे महिन्यातली स्लाइड, नाव आचल दौलतराव. मी निगेटिव्ह लिहिलेली. तिकडच्या माणसाला त्यात लाल काड्या सापडल्या होत्या.

आमचे साहेब म्हणाले, "ठीक आहे, पेशंटला औषध सुरू आहेच ना? मग झालं." आणि सही केली.

पेशंटला औषध सुरू होतं. पण ती स्लाइड तिची नव्हती. हे दवाखान्यात फक्त मला माहीत होतं.

तेरवीला आम्ही सगळे तिकडे होतो. जेवणं उरकली, लोक पांगले. दौलतराव माझ्याजवळ येऊन बसला. आपणहूनच म्हणाला,

"भाऊजी, तुमी हसता आज्याले. पन आजा सगळ्यायले शेळी बांधे नाई. ज्याचं काई खरं नाई, त्याले गुळाचा खडा दे अन् गाडीत बसवून घरी धाडे. शेळी त्यालेच बांधे, जो वाचनार."



"म्हनून आचल वाचली," तो म्हणाला. डोळे पुसत होता. "त्या दिवशी तुमी पाह्यलं. मले नाई दिसलं, पन तुमाले दिसलं. कोनाच्या बाजेले होती शेळी? आचलच्याच ना?"



"आचलच्याच," मी म्हणालो.

त्याने हात जोडले. आज्याला की मला, कोण जाणे.

मी मान वर केली तर आतल्या खोलीच्या दारात आचल उभी होती. हातात तिच्या गोळ्यांचं पाकीट. तिने सगळं ऐकलं होतं. ती माझ्याकडे बघत राहिली.

मला वाटलं, आता बोलेल.

बोलली नाही. पाण्याचा पेला घेतला, गोळी गिळली आणि आत गेली.

आता ती पूर्ण बरी आहे. रूपालीशी फोनवर तासभर बोलते. मी फोन घेतला की पलीकडे एकदम शांत होतं... आणि त्या शांततेत मागून कुठून तरी खुरांचा आवाज येतो. मी रूपालीला विचारलं. तिला ऐकू येत नाही.