मूळवजन

महादेवीअक्काचं वजन साठ किलोवर आलं, त्या सोमवारी प्रयोगशाळेत पेढे वाटले गेले. आठ महिन्यांपूर्वी ते अठ्ठ्याऐंशी होतं आणि साठ हेच ठरवलेलं लक्ष्य होतं. गुडघे दुखायचे थांबले होते, रक्तातली साखर उतरली होती. आपण शोधलेली लस आपल्याच थोरल्या बहिणीच्या कामी आली, याचा आनंद डॉ. बसवराज कोरे यांच्या चेहऱ्यावर मावत नव्हता.

सगळे पांगल्यावर डॉ. फरीदा मुजावर तेवढ्या मागे थांबल्या. रुग्णांच्या वजनाच्या आलेखांचं गणित त्या पाहत. पेढा त्यांनी नुसता हातात धरला होता.

"सर, अक्कांचं वजन घटायचं कधी थांबेल, ते काढलं," त्या म्हणाल्या. "अकरा डिसेंबर."

"आणि आकडा?"

"अडतीस."

कोरेंनी पुन्हा विचारलं. आकडा तोच होता.

लसीचं तत्त्व साधं होतं. माणूस किती वजनावर स्थिर राहील, हे मेंदूतला एक इवलासा भाग ठरवतो. सोळा ते बावीस या वयात जे सर्वांत कमी वजन वर्षभर टिकतं, ते तिथे पायाच्या दगडासारखं बसतं. कोरेंनी त्याला मूळवजन असं नाव दिलं होतं. पुढच्या सुखवस्तू वर्षांचे थर त्यावर चढत जातात. लस ते थर पुसते आणि शरीर आपणहून मूळवजनाकडे निघतं. थर पुसल्याशिवाय मूळवजन कुठल्याही तपासणीत दिसत नाही. मात्र चहा निवण्याच्या वेगावरून खोली किती थंड आहे हे सांगता यावं, तसं वजन घटण्याच्या वेगावरून मूळवजन आणि थांबण्याची तारीख काढता येते. त्याला आठ महिन्यांच्या नोंदी लागतात, एवढंच.

लस पहिल्यांदा कोरेंनी स्वतःला टोचून घेतली होती. त्यांचं वजन त्रेसष्टवर थांबलं. एकाच घरात, एकाच चुलीवर वाढलेल्या बहिणीचंही साठच्या आसपास थांबेल, हे इतकं उघड होतं की त्याबद्दल कुणी विचारलंच नाही.

"विशीत तिला कावीळ झाली होती," कोरे म्हणाले. "फार खंगली होती तेव्हा."

"दोन महिन्यांच्या आजाराची नोंद मेंदू घेत नाही. नियम तुमचाच आहे, सर." फरीदांनी पेढा टेबलावर ठेवला. "निदान वर्षभर त्या अडतीसवर होत्या. रोज अर्धपोटी राहिल्याशिवाय हे होत नाही."

एकाच चुलीवरचे दोन आकडे, त्रेसष्ट आणि अडतीस.

आईवडील वर्षभराच्या अंतराने गेले, तेव्हा अक्का अठराची होती आणि बसू चौदाचा. सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात ती मागावर उभी राहू लागली. रात्री त्याला वाढताना, मी कारखान्यातच जेवून आले, असं ती सांगायची. सोळाव्या वर्षी तो एका बैठकीत चार भाकऱ्या खात असे. अजून हवी का, असं ती विचारायची आणि तो हो म्हणायचा.

कोरे दुपारीच घरी गेले. अक्का मेथी निवडत बसली होती. त्यांनी तिला सगळं समजावून सांगितलं.

"अक्का, कारखान्यात जेवायला मिळायचं ना?"

"चहा मिळायचा," ती म्हणाली. मग मेथीची काडी मोडत, "तू तेव्हा विचारलं नाहीस ते बरं झालं. कळलं असतं, तर तुझ्या घशाखाली घास उतरला नसता."

कोरेंना मान वर करता येईना. तिने मेथीची जुडी बाजूला सारली आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"थांबेल रे. तेव्हाही थांबलंच होतं. त्या वजनावर मी बारा-बारा तास माग चालवलाय."

पुसलेले थर पुन्हा चढवण्याचा उपाय कुणाजवळ नव्हता. कोरेंनी रजा घेतली आणि स्वतःच्या हाताने तिला भरवू लागले. अर्ध्या भाकरीत तिचं पोट भरे. नळीवाटे दिलेलं अन्नही शरीर उष्णता करून उधळून टाकी. ऐन थंडीत ती घामाने भिजे. अकरा डिसेंबरला काटा अडतीसवर आला आणि तिथेच राहिला. फरीदांचं गणित एका दिवसानेही चुकलं नव्हतं. पण विशीतल्या अडतीस किलोंत जे बळ होतं, ते एकसष्टाव्या वर्षी उरलं नव्हतं. जानेवारीत साधा खोकला झाला, तो छातीत उतरला. ताप सोसायला अंगात काही शिल्लकच नव्हतं. चौथ्या दिवशी अक्का गेली.

लस बंद करू नये, अर्जात एक प्रश्न वाढवावा, असं सहकाऱ्यांचं म्हणणं पडलं. कोरेंनी ते मानलं. प्रश्न असा होता : सोळा ते बावीस या वयात तुम्हाला रोज पोटभर जेवण मिळत होतं का?

मार्चमध्ये बार्शीहून एक बाई आल्या. वय अठ्ठावन्न, वजन ब्याण्णव. सोबत धाकटा भाऊ होता. लसीचा आग्रह त्याचाच होता. कोरेंनी प्रश्न वाचून दाखवला. बाईंनी शेजारी बसलेल्या भावाकडे एकदा पाहिलं.

"भरपूर," त्या म्हणाल्या.

ते खरंही असेल. पण पडताळून पाहायचा मार्ग एकच होता, लस टोचण्याचा, आणि तो आठ महिन्यांनी उत्तर देत असे. कोरेंनी अर्ज मिटला, बाईंच्या हातात परत दिला आणि त्यांना हात जोडले.